नाशिकरोडचा बाळ येशू : मूर्ती, पोशाख, नोव्हेना आणि तुटलेला हात

गोदाकाठ

फेब्रुवारी जवळ आला की तेच ते प्रश्न सुरू होतात. यात्रा नेमकी कधी, नोव्हेना (नऊ दिवस किंवा नऊ वार करायची प्रार्थना) कुठल्या वारी धरायची, घरच्या मूर्तीला पोशाख कसा शिवायचा, मूर्ती तुटली तर काय करायचं. उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली आणि त्यातली निम्मी ऐकीव. म्हणून हा एकच धागा. जाणकारांनी भर घालावी, पण 'असं म्हणतात बुवा' छापाचं नको.

आधी ठिकाण. बाळ येशूचं मंदिर नाशिक-पुणे रस्त्यावर, नेहरूनगरला. नाशिकरोड स्टेशनवरून नाशिककडे निघालात की बिटको चौक, मग दत्तमंदिर चौक, त्याच्या पुढे. रिक्षावाल्याला 'बाळ येशू' एवढं सांगितलं तरी पुरतं. व्यवस्था येशूसंघीय धर्मगुरूंकडे, म्हणजे जेझुइट फादरांकडे. धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश, नाशिकचा. तो १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. नाशिकसोबत नगर, धुळे, जळगाव, नंदुरबार हा सगळा पट्टा त्यात येतो. त्यामुळे यात्रेला श्रीरामपूर-राहुरीकडचे लोक मुंबई-वसईकरांइतक्याच हक्काने येतात.

आणि दर वर्षीचा गोंधळ: हरेगावची मतमाउलीची यात्रा वेगळी. ती सप्टेंबरात, मरियामातेच्या जन्मदिनाच्या, म्हणजे ८ सप्टेंबरच्या आसपास. धर्मप्रांत तोच, पण तालुका श्रीरामपूर. नाशिकरोडला उतरून 'हरेगाव किती लांब?' विचारू नका.

वाटसरू

नाशिकचे ख्रिस्ती म्हणजे शरणपूर ना? हे मंदिर त्या मिशनचंच असेल मग.

जुनीकागदे

नाही. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीची, म्हणजे अँग्लिकन पंथाची वसाहत, १८५० च्या दशकातली. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे शिकायची. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंगस्टन याच्या पार्थिवाबरोबर लंडनला गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनविधीला हजर होता. मोठा इतिहास आहे, पण तो प्रॉटेस्टंट नाशिकचा. बाळ येशूचं मंदिर कॅथलिक. दोन्हींची सरमिसळ वर्तमानपत्रंसुद्धा करतात.

आता मूर्तीबद्दल. इथली भक्ती 'प्रागच्या बाळ येशू'ची आहे. ती मूळ मूर्ती आजच्या चेक देशात, प्रागच्या माला स्त्राना भागात, विजयी मातेच्या चर्चमध्ये आहे. उंची जेमतेम ४७ सेंटिमीटर, म्हणजे दीड फुटाच्या आसपास. आत लाकूड, त्यावर कापड आणि वरून रंगीत मेण. मूळची स्पेनची, सोळाव्या शतकातली. मारिया मानरिके दे लारा ही स्पॅनिश सरदारकन्या बोहेमियातल्या पेर्नश्टेन घराण्यात लग्न होऊन गेली, तेव्हा तिच्याबरोबर ती आली. तिची मुलगी पोलिक्सेना. तिलाही लग्नातच आईकडून मिळाली. म्हणजे माहेराहून सासरी, आईकडून लेकीकडे असा या मूर्तीचा प्रवास. देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा लेकीबरोबर पाठवायची रीत ज्यांना माहीत आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

पोलिक्सेनाने १६२८ मध्ये ती कार्मेलाइट संन्याशांना दिली. १६३१ मध्ये सॅक्सन फौज प्रागमध्ये शिरली, मठ लुटला गेला, संन्यासी पांगले. मूर्ती वेदीमागच्या कचऱ्यात पडली आणि तिचे हात मोडले. १६३७ मध्ये फादर सिरिल परत आले तेव्हा त्यांना ती सापडली, हात नसलेली. पुसून पुन्हा प्रार्थनेच्या जागी ठेवली. त्यांना ऐकू आलेले शब्द परंपरेने सांगतात ते असे: 'माझ्यावर दया कर, मी तुझ्यावर दया करीन. मला माझे हात दे, मी तुला शांती देईन.' मठाकडे पैसे नव्हते, दुरुस्ती बरीच लांबली. पुढे हात बसले. ४ एप्रिल १६५५ रोजी मूर्तीला मुकुट चढवला गेला.

या भक्तीत हातांना इतकं महत्त्व का, ते इथे कळतं. उजवा हात आशीर्वादाचा. डाव्या हातात पृथ्वीचा गोल, गोलावर क्रूस. मुकुट काढलात तरी मूर्ती ओळखू येते, हात झाकलेत तर येत नाही.

एक गंमत. मूळ मूर्ती कार्मेलाइटांची, नाशिकरोडचं मंदिर जेझुइटांचं. बादशहा दुसऱ्या जोसेफने १७८४ मध्ये प्रागचा मठ बंद केला आणि कार्मेलाइट तिथे परतले ते थेट १९९३ मध्ये. मधली दोनशे वर्षं भक्ती टिकली ती सामान्य भाविकांमुळे आणि जगभर पसरलेल्या प्रतिकृतींमुळे.

वसईकर

तारखेचं मी सांगतो, कारण तिकिटं याच्यावरच अडतात. 'फेब्रुवारीतला दुसरा शनिवार-रविवार' हे सूत्र तोंडपाठ असतं सगळ्यांना. पण ज्या वर्षी १ फेब्रुवारीलाच रविवार येतो, त्या वर्षी दुसरा रविवार ८ तारखेला आणि दुसरा शनिवार १४ ला. २०२६ तसंच होतं. सूत्रावर विसंबून आरक्षण केलं की अर्धं कुटुंब एका आठवड्यात आणि अर्धं दुसऱ्या. मंदिराने तारीख जाहीर केल्याशिवाय तिकीट काढू नये. मिस्सांच्या, म्हणजे मुख्य उपासनाविधींच्या, वेळा आणि भाषा त्याच पत्रकात असतात. आपल्या भाषेची मिस्सा कुठली, ते आधी बघून ठेवा.

मुंबईकडून सकाळी जायला तपोवन एक्सप्रेस सोयीची, संध्याकाळी तीच परत. पंचवटी एक्सप्रेस उलटी आहे: सकाळी नाशिकरोडहून मुंबईला, संध्याकाळी मुंबईहून इकडे. मुक्काम असेल तरच ती उपयोगाची. खासगी बसने येणाऱ्यांनी यात्रेच्या दोन दिवसांतली वाहतूक पोलिसांची सूचना बघावी. नाशिक-पुणे रस्त्यावर वळणं लावतात आणि बस मंदिरासमोर थांबेल हे गृहीत धरता येत नाही. म्हाताऱ्या माणसांना अलीकडे उतरवून रिक्षा करून द्यावी. आणि स्वेटर घ्या. दुपारी ऊन चटके देतं, पण पहाटेच्या मिस्सेला नाशिकचा गारठा कमी झालेला नसतो. वसईच्या हवेचा हिशेब इथे चालत नाही.

गोदाकाठ

वसईकर, तारखेत अजून एक मेख आहे. २०२७ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला आहे, कारण ईस्टर २८ मार्चला. दुसरा शनिवार-रविवार १३-१४ ला. म्हणजे सूत्राप्रमाणे धरलं तर रविवार उपवासकाळातला पहिला येतो. उपासनेच्या नियमात त्या रविवारचा मान कुठल्याही स्थानिक सणाहून मोठा: वस्त्रं जांभळी, महिमागीत नाही, आलेलुया नाही. २०१६ मध्येही फेब्रुवारीतल्या तारखांची जुळणी अशीच होती. त्यामुळे २०२७ ची तारीख तर हमखास विचारूनच ठरवा.

पंधरामणी

नोव्हेनाबद्दल. नोव्हेना म्हणजे नऊ. प्रभूचं स्वर्गारोहण आणि पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरला तो दिवस) यांच्या मधले नऊ दिवस प्रेषित मरियेसोबत प्रार्थनेत होते, तिथून हा आकडा आला. आपल्याकडे याचे तीन प्रकार चालतात आणि लोक तिन्हींची खिचडी करतात.

पहिला, सलग नऊ दिवसांचा. सणाच्या आदल्या दिवशी नववा दिवस यायला हवा. सण शनिवारी सुरू होत असेल तर आदल्या आठवड्याच्या गुरुवारी बसायचं: गुरुवार पहिला, पुढचा शुक्रवार नववा. नाताळसाठी १६ ते २४ डिसेंबर. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे शुक्रवारी सुरू करणं. मग नववा दिवस सणाच्याच दिवशी पडतो आणि यात्रेच्या गर्दीत राहून जातो.

दुसरा, नऊ वारांचा. बाळ येशूचा वार गुरुवार, बंगळूरच्या विवेकनगरलाही तोच. बुधवार माहीमचा, तिथली नोव्हेना निरंतर साहाय्य मातेची, १९४८ पासूनची. 'माहीमची नोव्हेना बाळ येशूला चालेल का?' असं विचारतात लोक. प्रार्थना वेगळी आहे, उद्देशून म्हटलेली व्यक्ती वेगळी आहे. नाही चालत.

तिसरा, नऊ तासांचा, तातडीच्या गरजेसाठी. एकच प्रार्थना दर तासाला एकदा, नऊ वेळा. इथे मोजण्यात घोळ होतो. सकाळी ८ ला पहिली म्हटली तर नववी दुपारी ४ ला येते, ५ ला नाही. मोबाइलवर ८ ते ४ असे नऊ गजर लावून ठेवले की प्रश्न मिटला. एक तास चुकला तर? आठवल्याबरोबर म्हणा आणि पुढचा तास वेळेवर धरा. ही गणिताची परीक्षा नाही.

आता बाळ येशूची छोटी जपमाळ. हिचे मणी पंधरा. तीन मोठे, 'हे आमच्या स्वर्गातील बापा'साठी, पवित्र कुटुंबाच्या मानार्थ: येशू, मरिया, योसेफ. बारा लहान, 'नमो मरिया'साठी, येशूच्या बालपणाच्या बारा वर्षांच्या मानार्थ. ही रीत फ्रान्समधल्या बोन इथली कार्मेलाइट संन्यासिनी मार्गारेट हिच्यापासून रूढ झाली. ती १६४८ मध्ये वारली. प्रत्येक मोठ्या मण्याआधी 'शब्द देही झाला' म्हणायचं. बारापैकी पहिल्या लहान मण्याआधी पूर्ण ओळ: 'शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली.' शेवटी 'पवित्र बाळ येशू, आम्हांला आशीर्वाद दे, आमचं रक्षण कर.' दर महिन्याच्या २५ तारखेला म्हणायची प्रथा आहे. सावकाश म्हटली तरी दहा मिनिटांच्या आत होते.

विकतची मिळाली नाही तर ओवून घ्या. १२ मणी ६ मिलिमीटरचे, ३ मणी ८ मिलिमीटरचे, मेण लावलेला जाड दोरा ४० सेंटिमीटर. मेडलपासून सुरुवात, आधी तीन मोठे, मग बारा लहान. मण्यांच्या मध्ये गाठ मारा, नाहीतर सगळे घसरून एका टोकाला येतात आणि बोटांना मोजणी कळत नाही. नायलॉनची गाठ सुटते, सुती दोऱ्याची बसते.

वाटसरू

तीन मोठे सुरुवातीला एकत्र का? नेहमीच्या जपमाळेत तर दहा-दहानंतर एक येतो.

पंधरामणी

कारण इथे दशकं नाहीतच. आधी तिघांना नमन, मग बारा वर्षं. वेगळी माळ आहे ही, पाच दशकांच्या माळेचा तुकडा नाही.

सुईदोरा

पोशाखाचं माझ्याकडे. प्रागच्या मूर्तीला शंभराहून जास्त पोशाख आहेत, जगभरातून आलेले. त्यातला हिरवा, सोन्याच्या भरतकामाचा, १७४३ चा, सम्राज्ञी मारिया तेरेसाचा म्हणून दाखवतात. रंग उपासनेच्या काळाप्रमाणे बदलतात: नाताळ आणि पुनरुत्थानकाळात पांढरा किंवा सोनेरी, आगमनकाळ (नाताळआधीचे आठवडे) आणि उपवासकाळात जांभळा, पेंटेकॉस्टला लाल, सामान्य काळात हिरवा. गुलाबी वर्षातून दोनदाच, आगमनकाळाच्या तिसऱ्या आणि उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी. घरी पाचही लागत नाहीत. पांढरा, जांभळा, हिरवा एवढे तीन केले तरी वर्ष निघतं.

घरात बहुतेक १२ इंची मूर्ती असते, मुकुटासकट. गळ्यापासून पायथ्यापर्यंत साधारण २० सेंटिमीटर भरते, पण साचे वेगवेगळे असतात, म्हणून आपली मूर्ती मोजा. आधी वर्तमानपत्राच्या कागदावर बेतून मूर्तीला गुंडाळून बघा, मग कापडाला कात्री लावा.

झगा: पुढचा एक तुकडा, मागचे दोन. पाठ पूर्ण उघडी हवी, कारण मूर्तीच्या डोक्यावरून काहीच घालता येत नाही. मुकुट आणि वर उचललेला हात, दोन्ही आडवे येतात. खालचा घेर पायथ्याच्या घेराच्या सव्वापट: ३२ असेल तर ४०. माया सगळीकडे दीड सेंटिमीटर. पाठीला तीन छोटे हूक. चिकटपट्टी लावू नका, इतक्या लहान कपड्यात ती फुगून पाठ वाकडी दिसते.

अंगरखा, म्हणजे वरचा झूल: अर्धवर्तुळ. गळ्याची त्रिज्या ३, त्यात लांबी २० मिळवून बाहेरची त्रिज्या २३. मायेसकट ५०×२६ सेंटिमीटर कापड पुरतं. एका ब्लाउजपीसमध्ये झूल आणि झगा दोन्ही निघतात. गळ्याला आणि मनगटाला पांढरी लेस, एक ते दीड सेंटिमीटर रुंद. मूळ मूर्तीच्या पोशाखातही लेसची कॉलर आणि कफ असतात.

नाशिककरांचा मोह म्हणजे येवल्याची पैठणी. जुन्या पैठणीचा काठ कापून झूल करायला जातात आणि तो मूर्तीवर पत्र्यासारखा उभा राहतो. जरीचा काठ जड आणि ताठ, २० सेंटिमीटरच्या लांबीत त्याला घडी पडत नाही. मागे वजन गेलं की हलकी मूर्ती पाठीवर कलते, ते वेगळंच. पैठणी वापरायचीच असेल तर अंगाचं रेशीम घ्या आणि काठाऐवजी अरुंद जरीची लेस लावा. अस्तर सुती मलमलचं. सिंथेटिक अस्तर प्लास्टरवर सरकतं, झूल सारखा एका बाजूला उतरतो.

मेणबत्ती पोशाखापासून निदान फूटभर लांब. टिश्यूचं कापड आच लागल्याबरोबर आक्रसतं, आणि वात लांब राहिली तर चेहऱ्यावर काजळी बसते. वात ५ मिलिमीटरपर्यंत कापावी.

मेणबत्ती

वातीचा विषय निघालाच आहे तर: यात्रेत स्टँडवर मेणबत्त्या एकमेकींना चिकटवून लावू नका. शेजारच्या ज्योतीने कडेचं मेण वितळतं, मेणबत्ती वाकते आणि दोन्ही विझतात. मध्ये चार बोटं अंतर. आणि नवसाचे मेणाचे हात, पाय, घर, बाळ, जसे वांद्र्याच्या माउंट मेरीला वाहतात तसे, गाडीच्या काचेपाशी ठेवून आणू नका. पॅराफिन ५५-६० अंशांना वितळतं, पण मऊ त्याच्या बरंच आधी पडतं. बंद गाडीत दुपारी बोटं एकमेकांना चिकटतात.

नवखा_नाशिक

माझा प्रश्न थेट आहे. १२ इंची पीओपीची मूर्ती, उजवा हात मनगटातून तुटलाय, दोन बोटं हरवली आहेत. फेव्हिक्विकने चिकटवू की गोदावरीत विसर्जन करू? मूर्ती फादरांनी आशीर्वादित केलेली आहे.

जुनीकागदे

गोदावरीत नको. पीओपी पाण्यात विरघळत नाही, तळाशी तसंच पडून राहतं. शिवाय कॅथलिक रीतीत विसर्जन नाही. चर्चच्या कायद्याचं कलम, कॅनन ११७१, एवढंच सांगतं की आशीर्वादित वस्तूंना आदराने वागवावं आणि ऐहिक कामाला वापरू नये, मग त्या कोणाच्या खासगी मालकीच्या का असेनात. दुरुस्त होत असेल तर दुरुस्त करावी. अजिबात होत नसेल तर फोडून स्वच्छ जागी पुरावी, रस्त्याच्या कडेला किंवा झाडाखाली ठेवू नये. 'खंडित मूर्ती घरात नको' हा समज आपण आजूबाजूने उचललेला. या मूर्तीच्या बाबतीत तर तो मुळातच बसत नाही. प्रागमध्ये ती हातांशिवायच प्रार्थनेत पुन्हा बसली होती.

शाडूमाती

फेव्हिक्विक तर अजिबात नको. प्लास्टर सच्छिद्र असतं, ते पातळ गोंद शोषून घेतं, जोडाची कड काचेसारखी होते आणि दुसऱ्यांदा त्याच रेषेवर तुटते. मग त्या कडेवर दुसरा गोंदही धरत नाही.

उजवा हातच का तुटतो, ते आधी बघा. तो अंगापासून सुटा, वर उचललेला, आणि मनगट जेमतेम १ सेंटिमीटर जाड. जुन्या मूर्तींत आत लोखंडी तार असते. दमट हवेत ती गंजते, गंज फुगतो आणि प्लास्टर आतून उभं चिरतं. तुटलेल्या तोंडाशी तपकिरी डाग दिसला तर कारण हेच. ती तार पक्कडीने जेवढी निघेल तेवढी काढा. तशीच ठेवून वरून जोडलं तर वर्षभरात परत चिरेल.

कृती. तुकडे धुऊ नका, मऊ ब्रशने धूळ झाडा. दोन्ही तोंडांच्या मध्यभागी दीड मिलिमीटरच्या बिटाने छिद्र पाडा, हाताने फिरवायच्या गिरमिटाने. मशीनने प्लास्टर उडतं. खोली प्रत्येक बाजूला ८ ते १० मिलिमीटर. आत स्टेनलेस किंवा पितळेची सव्वा मिलिमीटरची तार, आधी पॉलिश पेपरने खरवडलेली. कोरडं बसवून बघा: तार जास्त लांब असेल तर तोंडं मिळत नाहीत. मग दोन ट्यूबवाला इपॉक्सी गोंद, पाच मिनिटांत सुकणारा नव्हे, सावकाश सुकणारा. छिद्रात आणि तोंडावर पातळ थर. बाहेर आलेला लगेच पुसा. मास्किंग टेपने बांधून मूर्ती आडवी निजवा, २४ तास हात लावायचा नाही. उभी ठेवली तर वजनाने हात केसभर खाली येतो आणि आशीर्वादाचा हात शेकहँडसारखा दिसायला लागतो.

बोटं नवीन करायची. बारीक तार रोवून त्यावर एम-सीलसारखी पुट्टी. हाताला पाणी लावून आकार द्या, अर्ध्या तासात काम उरका. वाळल्यावर आधी २२० चा पॉलिश पेपर, मग ४००. पांढरा ॲक्रिलिक प्रायमर, त्यावर ॲक्रिलिक रंग. एनॅमल नको, चकाकतं आणि जुन्या रंगाशी कधीच जुळत नाही. त्वचेचा रंग पांढरा, पिवळा ऑकर आणि लालाचा थेंब असा बनवा आणि नेहमी एक छटा फिका ठेवा. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो.

नवखा_नाशिक

बोटं कुठली उभी, कुठली मिटलेली? फोटो नाही माझ्याकडे.

जुनीकागदे

तर्जनी आणि मधलं बोट उभं. अनामिका आणि करंगळी तळव्याकडे वळलेली, अंगठा त्यांच्या बाजूला. दोन बोटं म्हणजे ख्रिस्ताचे दोन स्वभाव, दैवी आणि मानवी, आणि उरलेली तीन म्हणजे पवित्र त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) असा अर्थ लावतात. दुरुस्तीत हमखास होणारी चूक म्हणजे पाचही बोटं सरळ करणं. मग तो अभयमुद्रेचा हात होतो. तोही छान, पण या मूर्तीचा नाही.

शाडूमाती

आणि उभ्या बोटांची लांबी मोजून. १२ इंचीत मधलं बोट १२ मिलिमीटरच्या वर नको. नवशिक्याच्या हातून ती नेहमी लांबतात.

नवखा_नाशिक

समजलं. तर्जनी आणि मधलं, हरवलेली तीच दोन. यात्रेला पंधरा दिवस आहेत, होईल. पोशाख कधी चढवू?

सुईदोरा

रंगानंतर दोन दिवस थांबा, नाहीतर लेस चिकटेल. आणि जुना पोशाख तसाच चढवू नका, दादा. उजवी बाही हात घालून ओढावी लागत असेल तर जोड पुन्हा सुटेल. त्या बाहीची खालची शिवण काखेपासून मनगटापर्यंत उसवा, कडा दुमडून हातशिलाई घाला आणि दोन हूक लावा. बाही वरून ठेवायची आणि खालून मिटायची. हूक आतल्या बाजूला, म्हणजे समोरून दिसत नाहीत.